टोकन कधी, साठेखत कधी आणि दहा लाख नेमके कोणत्या दिवशी?

प्रश्न: नमस्कार सर, आम्ही दोघं कर्वेनगरला भाड्यानं राहतो. वारज्यात एक रिसेलचा टू बीएचके आवडलाय, ८० लाखाला ठरत आलंय. फ्लॅट एका रिटायर्ड काकांच्या आणि त्यांच्या मुलाच्या नावावर आहे, मुलगा बरीच वर्षं जर्मनीत असतो. फ्लॅटवर १९ लाखाचं लोन बाकी आहे. एजंट म्हणतो पितृपक्ष लागायच्या आत १ लाख टोकन द्या, मग आठ दिवसात १० लाख द्या म्हणजे काका त्यात स्वतःचे घालून लोन क्लोज करतील, आणि दसऱ्याला साठेखत करू. दुसरं गिऱ्हाईक रांगेत आहे म्हणे. आमच्याकडे सगळे मिळून २३ लाख आहेत, त्यातली ६ लाखाची एफडी नोव्हेंबरच्या शेवटी मॅच्युअर होते. लोनला अजून अप्लाय केलेलं नाही. नवरा म्हणतो माणसं चांगली आहेत, देऊन टाकू. मला झोप लागत नाहीये. काकांना दिवाळी याच घरात करायचीय, मग आम्ही घरमालकांना नोटीस कधी द्यायची तेही सांगा.

ताई, आधी सरळ उत्तर देतो, कारणं मागून. १० लाख आठ दिवसात देऊ नका. १ लाख टोकन द्यायचं तर द्या, पण दोन दिवस कागद बघून आणि नीट पावती करून. आणि ते १० लाख ज्या दिवशी साठेखत, म्हणजे पुढं विक्री करण्याचा करार, रजिस्टर होईल त्या दिवशी द्या. मधल्या काळात काहीही नाही.

माणसं चांगली असतील, मी त्यावर शंका घेत नाहीये. पण समजा उद्या काका आजारी पडले, किंवा मुलानं तिकडून सही द्यायला टाळाटाळ केली, किंवा तुमच्या बँकेला एखादा कागद पटला नाही, तर तोपर्यंत तुमचे १० लाख काकांच्या लोनमध्ये भरून झालेले असतील आणि तुमच्या हातात फक्त ट्रान्सफरचा स्क्रीनशॉट असेल. बँकेत भरून टाकलेले पैसे चांगला माणूस तरी परत कुठून आणणार, त्याला फ्लॅट विकल्याशिवाय ते देताच येणार नाहीत आणि फ्लॅट विकायला दुसरं गिऱ्हाईक मिळेपर्यंत तुम्ही थांबायचं, भाडं भरत. म्हणून प्रत्येक रक्कम एखाद्या कागदाशी बांधलेली पाहिजे. 'आठ दिवसात' ही काही अट नाही, 'लोनची मंजुरी आल्यावर', 'साठेखत रजिस्टर झाल्यावर', 'चावी मिळाल्यावर' या अटी आहेत.

आता तुमचे २३ लाख बघू, कारण माझ्या मते तुमची खरी अडचण इथं आहे आणि तुमच्या पत्रात त्याचा हिशोबच नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखाच्या मधल्या होम लोनला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के मिळतात. म्हणजे ८० लाखावर ६४ लाख, आणि तुमच्या खिशातून १६. त्यात मुद्रांक आणि रजिस्ट्रेशन धरलेलं नसतं, ते वेगळं. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार, रजिस्ट्रेशन ३० हजार, एजंटचा एक टक्का धरला तरी ८० हजार. झाले २२ लाख ७० हजार. सोसायटीची ट्रान्सफर फी, वकील, बँकेची प्रोसेसिंग फी, टेम्पो हे अजून बाकीच आहे. म्हणजे तुम्ही आत्ताच काठावर आहात.

आणि हे सगळं बँकेनं फ्लॅट ८० लाखाचा धरला तर. बँक स्वतःचा व्हॅल्युअर पाठवते आणि ॲग्रीमेंटची किंमत आणि त्याचं व्हॅल्युएशन यातलं जे कमी असेल त्यावर लोन देते. इमारत जुनी असली किंवा मंजूर नकाशापेक्षा बाल्कनी आत घेतलेली असली तर आकडा खाली येतो. समजा त्यानं ७६ लाख लावले, तर लोन ६० लाख ८० हजारावर आलं, आणि तुम्हाला अजून ३ लाख २० हजार उभे करायचे. हे तुम्हाला १० लाख दिल्यावर कळलं तर काय कराल? म्हणून टोकन आणि मोठी रक्कम यांच्यामध्ये लोनची मंजुरी आलीच पाहिजे. उद्याच बँकेत जा, दोन बँकांत जा, पगाराच्या स्लिपा आणि रिटर्न घेऊन. घर फायनल नसतानाही तुमच्या उत्पन्नावर बँक तत्त्वतः मंजुरी देते आणि ती काही महिने चालते, हे खरं तर घरं बघायला सुरुवात करतानाच करून ठेवायचं असतं, पण असू दे, अजून वेळ गेलेली नाही.

मुद्रांकाबद्दल एक, घर तुमच्या एकटीच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात बायकांना एक टक्का सवलत आहे, म्हणजे तुमचे ८० हजार वाचतात. दोघांच्या नावावर घेतलं तर ती मिळत नाही. लोनमध्ये नवरा सहअर्जदार राहू शकतो, त्यासाठी तो मालक असायलाच पाहिजे असं नाही, फक्त मग त्याला इन्कम टॅक्समध्ये त्या लोनची वजावट घेता येणार नाही. दोघांनी बसून ठरवा.

एफडीचं पण आत्ताच ठरवा. बँक तुमचा हिस्सा आधी विक्रेत्याला गेलाय हे बघते आणि मगच स्वतःचे पैसे सोडते. म्हणजे नोव्हेंबरअखेरचे ६ लाख तुमच्या उपयोगाचे नाहीत, ते ऑक्टोबरमध्येच लागणार. एफडी मोडली तर व्याजात थोडं नुकसान होतं, किंवा एफडीवर ओव्हरड्राफ्ट घेता येतो, बहुतेक बँका ९० टक्क्यांपर्यंत देतात आणि व्याज एफडीच्या दरापेक्षा थोडंच जास्त असतं. दीड दोन महिन्यांचाच प्रश्न असेल तर मी ओव्हरड्राफ्ट घेईन. म्युच्युअल फंडात काही असेल तर आत्ताच काढून सेव्हिंगला आणून ठेवा, रजिस्ट्रेशनच्या आदल्या आठवड्यात मार्केट पडलं तर तेवढेच पैसे कमी पडतात.

आता टोकन. देण्याआधी दोन दिवस मागून घ्या आणि एवढे कागद बघा: काकांचं स्वतःचं खरेदीखत आणि त्याचा इंडेक्स टू (म्हणजे नोंदणी कार्यालयातला त्या व्यवहाराचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, लोनचं ताजं स्टेटमेंट, महापालिकेची टॅक्सची पावती. इंडेक्स टू तुम्ही नोंदणी विभागाच्या वेबसाईटवर ई-सर्चमध्ये स्वतः काढून बघू शकता, नावं दोनच आहेत की तिसरं कोणी आहे ते तिथं कळेल. काकू हयात आहेत का, आधी त्यांचंही नाव होतं का, हेही विचारा, संकोच करू नका. नाव असलेलं माणूस गेलेलं असेल तर वारसांचा प्रश्न येतो आणि मग परदेशातल्या मुलासोबत एखादी बहीणही निघते.

मग टोकन चेकनं किंवा बँक ट्रान्सफरनं द्या, कॅशमध्ये नाही. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला इन्कम टॅक्सच्या कायद्यात मनाई आहे आणि दंड घेतलेल्या रकमेएवढाच, तोही घेणाऱ्याला. काकांना हे नीट सांगितलंत तर तेच कॅश नको म्हणतील. आणि एजंटच्या खात्यात तर अजिबात नाही, मालकाच्याच खात्यात.

पावती म्हणजे विसार पावती, दोन्ही मालकांच्या नावानं; विसार म्हणजे सौदा पक्का करायला दिलेली रक्कम, तुमचं टोकन. मुलाची सही येणार नसेल तर निदान त्याचा ईमेल घ्या की मला हा व्यवहार आणि ही किंमत मान्य आहे. त्यात साठेखत किती दिवसात करायचं ते येऊ दे, आणि मुख्य म्हणजे या दोन अटी येऊ देत: टायटल सर्चमध्ये, म्हणजे मालकीच्या तपासणीत, दोष निघाला किंवा लोन मंजूर झालं नाही तर पूर्ण रक्कम अमुक दिवसात परत. एजंट म्हणेल एवढ्याशा टोकनला कोण एवढं लिहितं. लिहितात, आणि ज्यांनी लिहिलेलं नसतं तेच नंतर वकिलाकडे येतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ च्या एका निकालात सांगितलंय की करारात तशी स्पष्ट अट असेल आणि खरेदीदार स्वतः मागं फिरला तर विसाराची रक्कम विक्रेता जप्त करू शकतो, पण किमतीपैकी हप्ता म्हणून दिलेली रक्कम अशी जप्त करता येत नाही. आता बघा, एजंटनं ११ लाखाची पावती 'विसार' म्हणून केली आणि तुमचं लोन अडकलं, तर भांडण १ लाखाचं राहणार नाही, ११ लाखाचं होईल. म्हणून विसार छोटाच ठेवायचा. ८० लाखाच्या घराला १ लाख पुरेसं आहे, ५१ हजारावर मानले तर अजून चांगलं. आणि नोटरी केली म्हणजे रजिस्टर झालं असं नाही, ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी करून १० लाख मागतात तेव्हा त्याला भुलू नका.

पितृपक्षाचं म्हणाल तर मला उलट वाटतं की तो काळ तुमच्या फायद्याचा आहे. ज्या पितृपक्षाची भीती घालून तुम्हाला घाई करतायत, तीच अडचण त्या दुसऱ्या गिऱ्हाइकालाही आहे, तोही त्या पंधरवड्यात टोकन द्यायला येणार नाही. बँका मात्र चालू असतात आणि वकीलही काम करत असतात. पितृपक्षाचे पंधरा दिवस आणि नवरात्राचे नऊ, एवढ्यात वकिलाचा ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, पेपरमधली जाहीर नोटीस आणि तिची मुदत, बँकेचं व्हॅल्युएशन आणि मंजुरी, सगळं बसू शकतं. टोकन घटस्थापनेला दिलंत तरी चालेल, काका ऐकणारे वाटले तर तसंच करा. दसऱ्याला मात्र सरकारी सुट्टी असते, तेव्हा साठेखताचं रजिस्ट्रेशन दसऱ्यानंतरच्या कामाच्या दिवशी धरा आणि ऑनलाईन अपॉइंटमेंट आधीच घेऊन ठेवा.

आता जर्मनीतला मुलगा. हा मुद्दा तुम्ही पत्रात एका ओळीत लिहिलाय, पण वेळापत्रक बिघडवणारा हाच आहे. पहिलं, सही. तो स्वतः येणार का? नाहीतर काकांच्या नावानं कुलमुखत्यारपत्र लागेल, ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून, मूळ कागद कुरिअरनं इकडे आणून, इथं त्यावर मुद्रांक भरून, आणि तुमच्या बँकेच्या वकिलाला त्यातली भाषा पटली पाहिजे, की हा फ्लॅट विकायचा, सही करायची आणि पैसे घ्यायचे अधिकार दिलेत. याला सहज काही आठवडे जातात. हे पत्र तुमच्या वकिलानं डोळ्यांनी बघेपर्यंत साठेखताची तारीखच ठरवू नका.

दुसरं, टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या पैशातून आधीच कापून सरकारला भरायचा कर. ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घराला खरेदीदारानं एक टक्का टीडीएस कापायचा असतो, टोकनपासून प्रत्येक हप्त्यावर, आणि ज्या महिन्यात कापला तो संपल्यावर ३० दिवसात ऑनलाईन भरायचा, उशीर झाला तर रोजचे २०० रुपये. टोकनवरचा टीडीएस बरेच लोक विसरतात. पण दोघांचा हिस्सा निम्मा निम्मा धरला तर हा एक टक्का फक्त काकांच्या निम्म्याला, म्हणजे ४० हजार. मुलगा कराच्या दृष्टीनं अनिवासी असेल तर त्याच्या निम्म्याला हा नियम लागूच होत नाही. घर दोन वर्षांपेक्षा जास्त काळ त्यांच्याकडे असेल तर त्याला १२.५ टक्के आणि वर सेस, म्हणजे १३ टक्के, आणि मुलानं इन्कम टॅक्सकडून कमी दराचं सर्टिफिकेट आणलं नाही तर तो व्यवहारात पूर्ण रकमेवर कापतात. ४० लाखावर ५ लाख २० हजार झाले. हे पैसे ८० लाखातलेच, जास्तीचे नाहीत, पण बहुतेक वेळा ते तुमच्या १६ लाखाच्या हिश्शातून सरकारकडे जातात. आता तुमच्या लक्षात येईल, १ अधिक १० असे ११ लाख आधीच देऊन बसलात तर टीडीएस भरायला तुमच्याकडे राहिले किती? आणि तुम्ही कापला नाही तर सरकार तुमच्या मागे लागणार, मुलाच्या नाही. या एका कामासाठी सीए गाठा आणि टोकनच्या आधी गाठा, कारण टोकनवरही हेच लागतं. मुलाला सर्टिफिकेटसाठी अर्ज करायचा असेल तर त्यालाही वेळ लागतो, आजच सांगा.

लोन क्लोज करायचं कारण एजंट देतोय ते खोटं नाही, मूळ कागद त्यांच्या बँकेत आहेत म्हटल्यावर ते सोडवावे लागणारच. पण त्यासाठी तुमचे पैसे आधी घ्यायची गरज नाही. रोजच्या रोज असे व्यवहार होतात: काका त्यांच्या बँकेतून फोरक्लोजर लेटर, म्हणजे लोन बंद करायला किती भरायचे त्याचं पत्र, आणि तिथं जमा असलेल्या कागदांची यादी आणतात, साठेखत रजिस्टर होतं, मग तुमची बँक पहिला चेक थेट त्यांच्या बँकेच्या नावानं, लोन अकाउंट नंबर टाकून काढते, ते लोन बंद होतं, मूळ कागद तुमच्या बँकेकडे येतात, आणि मग खरेदीखताच्या वेळी उरलेली रक्कम मालकांना. लोन फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसात परत द्यायचे, बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५ हजार भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे, त्यामुळे तिथं फार अडकायचं कारण नाही. तुमची बँक लोन ट्रान्सफरच्या अशा केसला तयार आहे ना, हे पहिल्याच भेटीत विचारा. काका फारच अडून बसले तर माझ्याकडून शेवटची सूट एवढीच, की साठेखत रजिस्टर झाल्यावर तुमच्या हिश्शातले काही लाख तुम्ही स्वतः त्यांच्या लोन अकाउंटला भरा. त्यांच्या सेव्हिंगला नाही.

साठेखताच्या दिवशी पुण्यात आपल्याकडे पूर्ण मुद्रांक त्याच वेळी भरतात आणि नंतरचं खरेदीखत नाममात्र मुद्रांकावर होतं. म्हणजे त्या दिवशी तुमचे साडेपाच लाख सरकारजमा होतात आणि व्यवहार फिसकटला तर ते परत मिळवणं फार अवघड जातं. हे पण लोनची लेखी मंजुरी हातात असल्याशिवाय साठेखत न करण्याचं मोठं कारण आहे. चेक आधीच लिहून न्या, चेक नंबर साठेखतात येतात, आणि सह्या, अंगठे, फोटो झाले की द्या.

तुमचा हिस्सा सगळाच्या सगळा त्या दिवशी देऊ नका. दीड दोन लाख चावीच्या दिवसासाठी ठेवा आणि ते साठेखतात लिहून घ्या, आणि बँकेलाही आधी सांगून ठेवा, काही बँका पूर्ण हिस्सा दिल्याशिवाय चेक सोडत नाहीत, मग ती रक्कम वकिलाकडे ठेवायची व्यवस्था बघावी लागते. लाईट बिल, टॅक्स, सोसायटीचा मेंटेनन्स याची बाकी त्यातून वळती होते. काकांना दिवाळी त्याच घरात करायची आहे ती करू दे, आयुष्य गेलंय त्यांचं त्या घरात, त्यांच्याशी यावरून वाद घालू नका. पण खरेदीखत दिवाळीनंतर करा. खरेदीखत आधी करून, बँकेचे सगळे पैसे देऊन, मग त्यांना महिनाभर राहू देणं म्हणजे तुमचा ईएमआय सुरू, भाडंही सुरू आणि चावी त्यांच्याकडे. साठेखत दसऱ्यानंतर, लोन क्लोजर दिवाळीच्या आसपास, खरेदीखत आणि चावी नोव्हेंबरात एकाच दिवशी, असं बसवलंत तर त्यांचीही दिवाळी होते आणि तुमचाही जीव टांगणीला लागत नाही.

आणि हे फिसकटलं म्हणून तुम्ही नवीन बांधकामाकडे वळलात तर तिथं नियम वेगळे आहेत. रेरा या बांधकाम प्रकल्पांच्या कायद्याप्रमाणे रजिस्टर्ड करार केल्याशिवाय बिल्डरला घराच्या किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, आणि पुढचे हप्ते बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे, करारानंतर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, प्लिंथ म्हणजे जोतं झाल्यावर ४५ पर्यंत, सगळे स्लॅब पडल्यावर ७० पर्यंत. महारेराच्या नमुना अलॉटमेंट लेटरप्रमाणे पंधरा दिवसात बुकिंग रद्द केलं तर कपात नाही. रिसेलला असं कवच नाही, तिथं तुमचं कवच म्हणजे तुम्ही जे लिहून घेता तेवढंच.

नवऱ्याला हे पत्र वाचायला द्या, आणि एजंटला दोघांनी मिळून एकदाच सांगा: टोकन देतो, लोनला आजच अर्ज करतोय, मंजुरी आली की त्याच आठवड्यात साठेखत आणि त्याच दिवशी १० लाख, मंजुरीची कॉपी पण दाखवतो. खरा विकणारा यावर थांबतो, कारण त्यालाही लोन मंजूर झालेलं गिऱ्हाईक हवं असतं. नाही थांबले तर वारज्यात टू बीएचके अजून आहेत, २३ लाख मात्र एकदाच जमलेत.

घरमालकांना आत्ता तोंडी कल्पना द्या, लेखी नोटीस नको. तुमच्या भाडेकरारात नोटीस एक महिन्याची आहे का ते बघा, बहुतेक तेवढीच असते, आणि मूळ कागद तुमच्या बँकेत पोचून खरेदीखताची तारीख पक्की झाली की त्याच दिवशी नोटीस द्या. चावी मिळाल्यावर रंग आणि छोटीमोठी कामं करायला तेवढा महिना तुम्हाला लागेलच.